दिल्लीत रेखाटलेले गाव

दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्या ओळीने उभ्या आहेत. त्याच रांगेत ‘नेहरू हाउस’ ही वास्तू आहे. बाहुल्यांचे संग्रहालय म्हणून दिल्लीतील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना ती ठाऊक आहे. १९६५ या वर्षी या वास्तूशी निगडित अशा दोन गोष्टी घडल्या. ३० नोव्हेंबरला तेथील आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टने ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ हे मुलांसाठीचे पुस्तक प्रसिद्ध केले. दोन्हींमागे एकच माणूस होता. त्यांचे नाव केशव शंकर पिळ्ळै. सारा देश त्यांना ‘शंकर’ या नावाने ओळखत असे.

संग्रहालयात देशोदेशींच्या आणि भारतातील निरनिराळ्या प्रांतांच्या वेशातील बाहुल्या मांडलेल्या होत्या. पुस्तकात केरळमधील एका गावातला खोडकर मुलगा आणि त्याचे आजोबा होते. प्रदेशाचे जीवन मुलांपर्यंत नेण्याचे हे दोन मार्ग एकाच माणसाने एकाच वर्षी चोखाळले. या दोन मार्गांत फरक काय, आणि महाराष्ट्रापासून दूर राहून मराठीतून शिकवणाऱ्या शाळेने त्यापासून काय घ्यावे, हा विचार हीरक महोत्सवाच्या निमित्ताने करण्याजोगा आहे.

शंकर यांचा जन्म ३१ जुलै १९०२ रोजी केरळमधील कायमकुळम येथे झाला. त्यांच्या चित्रकलेचा आरंभ शाळेच्या वर्गातच झाला, आणि तोही शिक्षकांना रुचेल अशा रीतीने नव्हे. वर्गात डुलकी लागलेल्या एका शिक्षकांचे चित्र त्यांनी काढले. मुख्याध्यापक संतापले, परंतु मुलाच्या काकांना त्या चित्रात मुलाचा हात दिसला आणि त्यांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे मावेलिक्करा येथील रविवर्म्यांच्या नावाने चालणाऱ्या चित्रशाळेत ते शिकले. १९२७ साली पदवी घेतल्यावर कायद्याच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले. तो अभ्यास अर्धवट राहिला. मात्र ‘बॉम्बे क्रॉनिकल’ आणि ‘फ्री प्रेस जर्नल’ या मुंबईच्या पत्रांतून त्यांची व्यंगचित्रे येऊ लागली. १९३२ साली ‘हिंदुस्थान टाइम्स’ने त्यांना दिल्लीस बोलावून घेतले. तेथून अखेरपर्यंत ते दिल्लीकर झाले.

१९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक काढले. त्याच्या प्रकाशनास स्वतः पंडित नेहरू आले होते, आणि टीका करताना आपल्यालाही सोडू नका, असे त्यांनी शंकर यांना बजावले होते. राजकारणातील बड्या माणसांची अशी रोजची झडती घेणारा हा चित्रकार लहान मुलांकडे वळला तो १९४९ पासून. त्या वर्षी त्यांनी मुलांची स्पर्धा सुरू केली. पाहता पाहता ती आंतरराष्ट्रीय झाली. १९५२ पासून जागेवर बसून चित्र काढण्याची स्पर्धाही तिच्यात आली. रंगपेटी, कागद आणि घरून आणलेला डबा घेऊन या स्पर्धेला गेल्याची आठवण दिल्लीतील अनेक शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपाशी असेल.

देशोदेशींहून आलेली मुलांची चित्रे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक होते. मुले आपापल्या भोवतालचे जग काढतात. पण त्यांना वाचायला जे मिळते त्यात ते जग कोठे आहे? त्या काळी शहरी, इंग्रजी शिकणाऱ्या भारतीय मुलाच्या हाती येणाऱ्या सचित्र पुस्तकांत बर्फ पडत असे, शेकोटीपाशी मांजर बसत असे आणि खिडकीबाहेर सफरचंदाचे झाड असे. १९५७ साली शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन केला. भारतीय मुलांसाठी भारतीय वातावरणाची, चांगल्या छपाईची आणि परवडेल अशा किमतीची पुस्तके काढणे, हे त्याचे काम ठरले. छापखाना, वाचनालय आणि प्रकाशनाची कचेरी हळूहळू एकाच छताखाली आली. १९६८ मध्ये ‘चिल्ड्रन्स वर्ल्ड’ हे मुलांचे मासिक निघाले आणि १९७८ मध्ये बालसाहित्य लिहिणाऱ्यांसाठी स्पर्धा सुरू झाली.

भारतीय वातावरण असे म्हणणे सोपे आहे. ते कागदावर उतरवण्याची वेळ आली की खरी कसोटी लागते. ही कसोटी लेखकापेक्षा चित्रकाराची अधिक. लेखक ‘घरामागे विहीर होती’ एवढे लिहून पुढे जाऊ शकतो. चित्रकाराला मात्र ती विहीर काढावी लागते. तिला दगडी कठडा आहे की नुसताच मातीचा काठ? पाणी रहाटाने काढायचे की पोहऱ्याने? काठावर घागर आहे की कळशी, आणि ती पितळेची की मातीची? तिच्याजवळ आळवाचे पान वाढले आहे की केळीचे? यातल्या एकाही प्रश्नाला ‘साधारण’ असे उत्तर नाही. अखिल भारतीय विहीर अशी कोठेच नसते. प्रत्येक विहीर कोणत्या तरी गावची असते, आणि चित्रकाराला ते गाव ठाऊक असावे लागते.

शंकर यांना एक गाव ठाऊक होते. ‘लाइफ विथ ग्रँडफादर’ लिहिताना त्यांनी आपल्याच बालपणाकडे पाहिले, आणि चित्रेही स्वतःच काढली. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. दिल्लीत येऊन तेहतीस वर्षे झाली होती. तरीही त्यांच्या लेखणीतून आणि रेषेतून उतरले ते केरळमधील एकत्र कुटुंब, गावात दबदबा असलेले आजोबा, आणि त्या दबदब्याला न जुमानता त्यांच्या भोवती बागडणारा नातू. या पुस्तकात केरळची माहिती सांगण्याचा खटाटोप नाही. मूल खोड्या करते, आजोबा रागावतात आणि विरघळतात. त्या ओघात घर, अंगण, गावची माणसे आणि त्यांच्या समजुती वाचकाच्या ओळखीच्या होत जातात. त्याच वर्षी आलेल्या ‘सुजाता अँड द वाइल्ड एलिफंट्स’ या त्यांच्या दुसऱ्या पुस्तकात हत्ती आहेत. केरळमध्ये वाढलेल्या मुलाला हत्ती हा काही प्राणिसंग्रहालयातला प्राणी वाटत नाही. देवळाच्या उत्सवात आणि लाकूड ओढण्याच्या कामात तो नेहमी दिसणारा असतो. म्हणूनच हत्तीची गोष्ट सांगताना शंकर यांना कुतूहल मुद्दाम ओढून आणावे लागले नाही.

आता त्याच वर्षीच्या बाहुल्यांकडे पाहावे. संग्रहाची सुरुवात हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून झाली. तेथून वाढत वाढत हा संग्रह सहा हजारांच्या वर गेला. भारतीय प्रांतांच्या वेशातील बाहुल्या तर संग्रहालयाच्याच कार्यशाळेत तयार होऊ लागल्या. त्या घडवणाऱ्यांचे कसब मोठे आहे. वस्त्रांचा काठ, दागिन्यांची घडण, केसांची बांधणी यांचा बारकाईने अभ्यास त्यामागे आहे. त्या पाहून मुलाला देशाची विविधता एका दृष्टिक्षेपात कळते. तरीही काचेपलीकडच्या बाहुलीला आजोबा नसतात. ती कोणावर रुसत नाही, तिला शाळेत जायचा कंटाळा येत नाही, तिच्या घरी पाहुणे आले म्हणून धांदल उडत नाही. तिच्यापाशी प्रदेशाचा वेश आहे. प्रदेशातले वागणे मात्र पुस्तकातल्या आजोबांपाशी आहे. मुलाला वेश पाहायला आवडतो, पण ओळख पटते ती वागण्यावरून. आजोबांचा राग आणि त्यामागची माया एकदा ओळखीची झाली की मग त्यांचे मुंडू आणि त्यांचे अंगण परके राहत नाही. दिल्लीतल्या पंजाबी, बंगाली वा मराठी मुलाला केरळचे ते घर आपले वाटू शकते ते याच कारणाने.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. शंकर यांनी गाव लिहिले ते गावात बसून नव्हे. दूर गेल्यावर, पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून लिहिले. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दापोली तालुक्यातले पालगड, तिथले घर, तिथली गरिबी आणि तिथली माणसे तुरुंगाच्या भिंतीआड इतकी स्पष्ट दिसली की, कोकण कधीही न पाहिलेल्या मुलांनाही ते गाव आपल्या आजोळासारखे वाटू लागले. जेथे राहतो तेथील पुष्कळशा गोष्टी रोजच्या सवयीने दिसेनाशा होतात. दुरावलेला माणूस मात्र तपशील जपून ठेवतो, कारण त्याच्यापाशी तेवढेच उरलेले असते. अर्थात दुराव्यात एक धोकाही असतो. आठवणीतले गाव हळूहळू गोड होत जाते. त्यातली भांडणे, भूक आणि अन्याय पुसट होतात. ‘श्यामची आई’ टिकली याचे एक कारण, तिच्यात कर्ज आहे, जप्ती आहे, अपमान आहे. गाव गोंडस करण्याचा मोह तिने टाळला आहे.

याच काळात दिल्लीत दुसरा एक प्रयोग चालला होता. चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट निघाला त्याच १९५७ साली नॅशनल बुक ट्रस्टची स्थापना झाली. या संस्थेची ‘नेहरू बाल पुस्तकालय’ ही माला मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघू लागली. चित्रे तीच, मजकूर त्या त्या भाषेत, अशी ही व्यवस्था. रंगीत चित्रांची छपाई खर्चिक असते. ती एकत्र केली आणि फक्त मजकूर बदलला, तर प्रत्येक भाषेतील प्रत स्वस्त पडते. या मालेमुळे कमी उत्पन्नाच्या घरांतही रंगीत पुस्तक पोहोचले, आणि विदर्भातल्या मुलाला आसामचा गेंडा व बंगालची नाव मराठीतून भेटली. हे ऋण मोठे आहे. पण या व्यवस्थेत चित्रकारापुढे एक पेचही उभा राहतो. जे चित्र अनेक भाषांत चालायचे, त्यातल्या आईच्या साडीचा पदर कोणत्या खांद्यावर घ्यायचा? घराचे छप्पर कौलारू की धाब्याचे? सर्वांना चालेल असे काढू गेल्यास ते कोणाचेच न होण्याचा संभव असतो. जे चित्रकार या पेचातून वाचले, ते सर्वसाधारण गाव टाळून एका विशिष्ट गावाला चिकटून राहिले, आणि त्या गावची ओळख इतरांना व्हावी यासाठी गोष्टीवर विसंबले.

मराठीत हीच वाट वेगळ्या दिशेने चाललेले नाव म्हणजे माधुरी पुरंदरे. शंकर यांच्याप्रमाणेच त्याही लेखिका आणि चित्रकार अशा दोन्ही नात्यांनी मुलांसाठी काम करतात. त्यांचा जन्म १९५२ सालचा. इतिहासाला आयुष्य वाहिलेले बाबासाहेब पुरंदरे हे त्यांचे वडील. ग्रामीण भागात बालवाडी-शिक्षिका घडवणारी ‘वनस्थळी’ ही संस्था १९८१ मध्ये उभारणाऱ्या निर्मला पुरंदरे या त्यांच्या आई. माधुरीताई मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकल्या, पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि पुण्यात अनेक वर्षे फ्रेंच शिकवली. पिकासोचे चरित्र त्यांनी मराठीत लिहिले. इतके जग पाहिलेल्या या चित्रकर्तीने मुलांसाठी निवडले काय, तर घरातली माणसे, शेजारी, शाळेतला दिवस आणि सुट्टी.

‘राधाचं घर’ या मालेत घरातल्या एकेका माणसाची ओळख आहे. ‘यश’च्या पुस्तकांत छोट्या मुलाच्या रोजच्या जगण्यातले प्रसंग आहेत: मोठ्या शाळेत जायची धाकधूक, मोडलेला हात, मामाचे गाव. ‘चित्रवाचन’ हे तर शब्दांवाचून चित्र वाचायला शिकवणारे पुस्तक. नंदिता वागळे यांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेल्या ‘वाचू आनंदे’ने मराठी साहित्यातील निवडक उतारे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने मुलांपुढे एकत्र ठेवले. या पुस्तकांतला प्रदेश शंकर यांच्या गावासारखा आठवणीतून आलेला नाही. तो आजूबाजूला पाहून, ऐकून आलेला आहे. महाराष्ट्रातले मध्यमवर्गीय घर, तेथील बोलणे, चिडणे, समजूत काढणे, हे त्यांचे साहित्य. दूरचे गाव जवळ आणण्याचे काम शंकर यांनी केले. अगदी जवळ असूनही न दिसणारे घर दाखवून देण्याचे काम माधुरीताईंनी केले. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये पहिलाच ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार लेखनासाठी त्यांना आणि चित्रकलेसाठी दिल्ली परिसरात काम करणारे अतनु रॉय यांना देण्यात आला. मराठी घर आणि दिल्लीची चित्रकला यांचा त्या दिवशी एकाच मंचावर झालेला गौरव दिल्लीकर मराठी माणसाला विशेष आनंद देणारा आहे.

हा आनंद व्यक्त करतानाच एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलाचा प्रदेश कोणता? १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा दिल्लीत झाले. या दोन संमेलनांच्या मधल्या काळात केंद्र सरकारच्या नोकरीत, रेल्वेत, सैन्यात, बँकांत आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या येथे वाढल्या. त्यांनी गणेशोत्सव केला, नाटके केली, शाळा उभ्या केल्या आणि सांभाळल्या. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके आणि १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांनी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांनाही भाषेची शिदोरी दिली. परंतु त्या पानांतला पाऊस बहुधा सह्याद्रीतला असतो, आणि सुट्टीत जायचे गाव कोकणातले किंवा देशावरचे.

दिल्लीतल्या मराठी मुलाचे जग याहून वेगळे, आणि आपल्या परीने तितकेच भरलेले आहे. त्याच्या घरी संक्रांतीला तिळगूळ असतो आणि त्याच आठवड्यात शेजारून गजक व रेवडी येते. त्याच्या इमारतीतील उत्तर भारतीय घरांत श्रावण लागून पंधरवडा झालेला असतो, तरी आपल्या घरी अजून आषाढच चालू. कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावस्येला. सरकारी वसाहतीच्या सज्जात उभारलेल्या गुढीकडे बोट दाखवून मित्र प्रश्न विचारतात आणि त्याला हिंदीतून उत्तर द्यावे लागते. जूनमधली लू, डिसेंबरमधले धुके, खसच्या पडद्याचा वास, मेट्रोतली गर्दी, हे सारे त्याचेच. ‘पुस्तक’ हा शब्द हिंदीत स्त्रीलिंगी, म्हणून तो घरी ‘माझी पुस्तक’ म्हणतो, आणि आजी प्रत्येक वेळी ‘माझं’ म्हणून सुधारते. या एका छोट्या प्रसंगात दोन भाषा, दोन पिढ्या, दुरुस्ती आणि माया सारे काही आहे. चित्रासहित गोष्ट होण्यास याहून अधिक काय लागते?

मुलाला वाचनाची गोडी लागावी असे पालकांना वाटते आणि ते योग्यच आहे. पण हाती येणाऱ्या पुस्तकांतून आपले घर वारंवार गैरहजर असेल, तर मुलाच्या मनात नकळत एक समजूत रुजते: मराठी ही दुसरीकडच्या, कोण्या दुसऱ्याच मुलांची भाषा आहे; आपण ती परीक्षेपुरती उसनी घेतो. भाषा सुटते ती बहुधा अशा समजुतीने. व्याकरणाच्या अवघडपणाने ती क्वचितच सुटते. उलट, आपल्या गल्लीचे, आपल्या आजीचे, आपल्या बससाठीच्या धावपळीचे चित्र मराठी अक्षरांशेजारी एकदा दिसले, तर ती भाषा त्याच्या आजच्या जगण्याची होते. शंकर यांनी इंग्रजी शिकणाऱ्या भारतीय मुलांसाठी जे करू पाहिले, त्याचेच हे मराठी रूप.

हीरक महोत्सवी शाळेपाशी यासाठी लागणारी सामग्री विपुल आहे. पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आता आजी-आजोबा झाले आहेत. शंकर यांनी केरळचे आजोबा रेखाटले तेव्हा ते स्वतःही जवळपास याच वयाचे होते. बदलीची ऑर्डर घेऊन आईवडील दिल्ली स्थानकावर उतरले तो दिवस, कडाक्याच्या थंडीत भरलेली प्रार्थना, सहलीत पाहिलेल्या बाहुल्या, मराठी दुकानातून आणलेला गोडा मसाला, आणि गावी गेल्यावर ‘दिल्लीवाला’ म्हणून झालेली थट्टा: हे तपशील आज त्यांच्या ओठांवर आहेत, उद्या असतीलच असे नाही. त्यांपैकी काहींनी ते लिहावेत, आजच्या विद्यार्थ्यांनी चित्रे काढावीत, आणि शाळेच्या ग्रंथालयात पहिले हस्तलिखित तयार व्हावे. त्यात थट्टेने झालेली दुखापतही असावी, भाड्याच्या खोलीतली अडचणही असावी. सारे गोंडस करण्याचा मोह टाळावा. छपाई, बांधणी, प्रकाशक हे पुढचे प्रश्न. दिल्लीतल्या मराठी घराचे पुस्तक कोणी पुण्याहून किंवा मुंबईहून लिहून पाठवील, याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शंकर यांनाही त्यांचे गाव दुसऱ्या कोणी काढून दिले नव्हते.